बॉर्डर कॉली मादी, वय १४ महिने: शेळ्यांवरचं काम, जानेवारीतला शो आणि पहिलं वेत, आधी काय? (दिंडोरी, नाशिक)

मळ्यातली

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, शेजारी दीड एकर पडीक रान. १८ संगमनेरी शेळ्या, एक बोकड. झिपरी ही काळी-पांढरी बॉर्डर कॉली मादी, ऑक्टोबरच्या सुरुवातीचा जन्म, आता १४ महिन्यांची. वजन १६ किलो, खांद्याशी उंची ५० सेंमी. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद आणि मायक्रोचिप आहे. बाप ब्लू मर्ल (निळसर-राखाडी, काळ्या डागांचा), आई काळी-पांढरी. आईबापाच्या तपासण्यांचा एकही कागद मिळालेला नाही.

चार गोष्टी विचारायच्या आहेत.

शेळ्या दिसल्या की ही खाली दबते, टक लावते आणि मग एकदम सुटून कळपाच्या मधोमध घुसते. शेळ्यांच्या दोन-तीन तुकड्या होतात. एखादीच्या मागच्या पायाला तोंडही लावते. बोकडाने मान खाली घातली की मात्र शेपूट घालून मागे. ओरडलं तर आणखी जोरात पळते.

दुसरं, जानेवारीत तिला शोला न्यायचं आहे. वजन १८-१९ करा, शेळ्यांचं काम बंद ठेवा, नाहीतर रिंगमध्ये वाकून चालेल, असा सल्ला मिळाला.

तिसरं, पहिला माज ऑगस्टमध्ये झाला. पुढचा फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल. ओळखीत एक ब्लू मर्ल नर आहे, शोमध्ये चांगला गाजलेला. त्याचे मालक म्हणतात या माजाला मेटिंग करून टाका, एकदा व्याली की शांत होईल, शिवाय मर्ल पिल्लांना मागणी आहे.

आणि उन्हाळा. मागच्या मे महिन्यात ती पिल्लू होती, घरात राहिली. आता काम करताना काय काळजी घ्यायची?

---

वाघर_सिन्नर

ताई, फक्त पहिल्या मुद्द्यावर लिहितो. बाकीचं जाणकार सांगतील.

वाकणं आणि टक लावणं हे तर भांडवल आहे, त्यासाठीच ही जात सांभाळली गेली. गडबड शेळ्यांमुळे आहे. घाबरलेली मेंढरं एकमेकांत शिरून गोळा होतात. शेळ्या पांगतात, आणि त्यातली एखादी उलटी वळून कुत्र्याच्या तोंडाकडे बघते. नवख्या कुत्र्याला १८ शेळ्या म्हणजे अठरा दिशा. ती जवळून, वेगात आत येते, म्हणून कळप फुटतो. फुटला की तिला आणखी पळावं लागतं, आणि पळण्याचीच मजा लागते. महिनाभर असं चाललं तर तोच धडा पक्का होतो. म्हणून आजपासून मोकळं सोडणं बंद.

सुरुवात ६ ते ८ मोठ्या दख्खनी मेंढ्यांवर करा. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे (कळपांसकटची फिरती बिऱ्हाडं) तुमच्याकडच्या शेतांत मेंढरं बसवायला येतात, त्यांच्याशी बोला, ठरवून पैसे द्या. गाभण मेंढी शेवटच्या दीड महिन्यात अजिबात घेऊ नका, गाभडली तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. लेकुरवाळीही नको, ती कुत्र्यावर धावून येते.

पहिला टप्पा. मेंढ्या वाघरीच्या जाळीत ठेवा, गोल, साधारण ७ मीटर रुंद. झिपरी बाहेर, पट्ट्याला १० मीटरचा हलका दोर, दोराच्या टोकाला गाठ नको, ती दगडात अडकते. तुम्हीही बाहेर. ती जाळीभोवती फिरायला लागली की तुम्ही नेहमी तिच्या बरोबर समोरच्या बाजूला राहायचं: घड्याळात तुम्ही सहावर, ती बारावर. त्या बाराच्या जागी ती आपणहून थबकते, तिथेच तिला बसवायचं. सहाच्या जागेवरून तुम्ही एक पाऊल डावीकडे टाकलं की ती एका दिशेने निघते, उजवीकडे टाकलं की उलट. हुकमाचे शब्द या टप्प्यात नकोतच. फक्त वळताना तिचं डोकं बघा. मेंढ्यांपासून बाहेरच्या बाजूला वळून निघाली तर फेरा रुंद पडतो. आतल्या बाजूला वळली तर ती पुढच्या क्षणी घुसणार.

घुसायला लागली की तिच्या खांद्याच्या दिशेने चालत जा, डोक्याच्या नाही. डोक्याकडे गेलात तर ती थांबते किंवा दिशा बदलते, खांद्याकडे गेलात तर बाहेर सरकते. हातात काठी, टोकाला प्लास्टिकची पिशवी. पिशवीचा आवाज पुरतो, मारायचं नाही. आरडाओरडा नकोच. मागून आलेला आवाज तिला पुढे ढकलतो, म्हणूनच ओरडल्यावर ती जोरात पळते.

अशा ८-१० खेपा नीट गेल्या की जाळी काढून ३०-३५ मीटर रुंदीच्या बंदिस्त जागेत. कोपरे गोल करून घ्या. काटकोनात मेंढ्या चिकटून बसल्या की नवं कुत्रं हमखास आत उडी घेतं. दोर तसाच जमिनीवर ओढत राहू द्या. तुम्ही उलटं चालायचं, मेंढ्या तुमच्या मागे, त्यांच्या मागे ती. एका वेळी ५ ते ७ मिनिटं, दिवसातून दोनदा, आठवड्यात चार दिवस. चांगलं चाललं असतानाच थांबवा. पंधरा मिनिटं ताणलं की शेवटच्या पाच मिनिटांत चुका शिकते.

हुकूम: घड्याळाच्या दिशेने 'कम बाय', उलट 'अवे', बसायला 'लाय डाऊन', पुढे यायला 'वॉक अप', काम संपलं की 'दॅट विल डू'. मराठी शब्दही चालतात, पण लांबून वेगळे ऐकू आले पाहिजेत. 'डावी' आणि 'उजवी' वाऱ्यात सारखेच लागतात, शिवाय डावी कोणाची, तुमची की तिची, हा घोळ तुमच्याच डोक्यात होतो. 'पुढं' आणि 'पुरे' यांचंही तेच. 'घुम', 'पल्याड', 'बस', 'चल', 'झालं' हे पाच शब्द चांगले वेगळे पडतात.

बोकड सध्या बांधून. या वयात एकदा हरली की पुढे दोनच वाटा, कायमची पळते किंवा भीतीने चावते. पायाला तोंड लावणं हे बऱ्याचदा त्या भीतीचंच रूप आहे. मेंढ्यांवर दोन-अडीच महिने झाले की ५-६ गरीब शेळ्या घ्या. त्यातली एखादी उलटी वळली तर झिपरीला जागेवर उभं ठेवा, तुम्ही तिच्या शेजारी जा आणि दोघी मिळून हळूहळू पुढे. शेळी वळली की लगेच 'झालं'. बोकड सगळ्यात शेवटी.

कळप तुमच्यापासून लांब हाकत नेणं आता शिकवू नका. आणून देणं तिच्या रक्तात आहे, लांब घेऊन जाणं तिच्या स्वभावाविरुद्ध आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या ट्रायलमध्ये, म्हणजे मेंढ्या हाकण्याच्या स्पर्धेत, १०० पैकी लांबचा फेरा २०, कळप हलवणं १०, आणणं २०, हाकणं ३०, वेगळं काढणं १० आणि कोंडणं १० असे गुण असतात. हाकण्याला तीस आहेत ते उगाच नाहीत.

---

वेत_आणि_वंश

फेब्रुवारी-मार्चच्या माजाला नाही. कारणं एकेक करून.

वय. २०१७ च्या केंद्राच्या श्वानप्रजनन नियमांत मादी किमान १८ महिन्यांची असावी असं आहे. मार्चमध्ये झिपरी १७ ची असेल. पिल्लं विकायची असतील तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी लागते, आणि ८ आठवड्यांच्या आत पिल्लू देता येत नाही.

हवामान. ओव्ह्युलेशनपासून, म्हणजे अंडी सुटल्यापासून, ६३ दिवस धरा, एखादा दिवस इकडेतिकडे. मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं मेटिंग म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात वेत. नाशिकला तेव्हा पारा ४० च्या आसपास, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात पिल्लांना २९ ते ३२ अंश हवे असतात, पण ते सावलीतले. आई धापा टाकत पेटीबाहेर पडून राहते, दूध कमी होतं, पिल्लं सुकतात. उलट जानेवारीत निफाड-दिंडोरीच्या रात्री १० च्या खाली जातात, तेव्हा दिवा लावून भागतं. गरम करणं सोपं, गार करणं कठीण. ऑगस्ट-सप्टेंबरचा माज मिळाला तर वेत ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतं आणि पिल्लं थंडीत बाहेरचं जग बघतात. झिपरीचं चक्र तुम्ही म्हणता तसं साधारण सहा-सात महिन्यांचं धरलं, तर तिसरा माज तिथेच पडेल आणि वयही दोन वर्षांच्या आसपास असेल.

'व्याली की शांत होईल' हे सोडून द्या. कळप फोडणं शिकवणीने जातं. माजानंतर दोन महिन्यांनी खोटी गर्भावस्था येते, तेव्हा सुस्ती येते, खेळणी गोळा करते, दूधही उतरतं. ऑक्टोबरमध्ये तिचं असं झालं असेल तर आठवा. त्या दिवसांत तिच्या कामाबद्दल मत बनवू नका.

तपासण्या. गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब पाठवून डीएनए चाचण्या होतात. या जातीत निदान एवढ्या करा: सीईए म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा जन्मजात दोष, टीएनएस म्हणजे पांढऱ्या पेशी मज्जेत अडकून पडणं, सीएल म्हणजे मेंदूत साठा होणारा रोग, आयजीएस म्हणजे बी-१२ न शोषलं जाणं, आणि एमडीआर-१ म्हणजे काही औषधं मेंदूत चढू देणारा दोष. सीएलची लक्षणं दीड वर्षानंतर दिसतात आणि इलाज नाही, तोवर पिल्लं घराघरांत गेलेली असतात. पहिले चारही दोष रिसेसिव्ह, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार; एकाकडूनच आला तर कुत्रं नुसतं वाहक. वाहक आणि स्वच्छ यांची जोडी चालते: सरासरी निम्मी पिल्लं वाहक, आजारी एकही नाही. वाहक-वाहक जोडीत चारातलं एक आजारी. म्हणून वाहक निघाली म्हणजे मादी बाद, असं नाही. नराचा कागद आधी बघायचा, एवढंच.

याशिवाय खुब्याचा एक्स-रे, भूल देऊन, पाय सरळ ताणून. दोन वर्षांनंतर काढलेला विश्वासाचा. दोघांची ब्रुसेला कॅनिसची रक्तचाचणी प्रत्येक मेटिंगआधी. ती माणसालाही लागते.

आता मर्ल, इथे तुमच्या पोस्टमधली सगळ्यात धोक्याची ओळ आहे. झिपरीचा बाप ब्लू मर्ल. ती काळी-पांढरी दिसते, पण काही मर्ल कुत्र्यांमध्ये रंगाचा डाग इतका लहान असतो, किंवा पांढऱ्या भागातच लपलेला असतो, की दिसतच नाही. तिच्या डोळ्यात निळा ठिपका आहे का, कानामागे, शेपटीच्या बुडाशी राखाडी केसांचा पुंजका आहे का, उजेडात बघा. सापडला नाही तरी 'एम लोकस' ही मर्लची डीएनए चाचणी कराच. मर्ल-मर्ल जोडीत चारातल्या एका पिल्लाला दोन्हीकडून मर्ल मिळतं. ती बरीचशी पांढरी असतात, आणि त्यांत बहिरेपण आणि डोळ्यांचे दोष खूप. मागणी आहे म्हणून मर्लला मर्ल लावणारे आहेत, आणि बहिरी पिल्लं विकल्यावर फोन न उचलणारेही तेच.

वेळ आली की दिवस मोजून मेटिंग करू नका. माजाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून एक दिवसाआड प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्तचाचणी. माणसांच्या लॅबमध्येही होतं, पण प्रत्येक वेळी तीच लॅब, साधी नळी, जेलची नको. आकडा २ नॅनोग्रॅमच्या पुढे गेला की हालचाल सुरू, ५ च्या आसपास ओव्ह्युलेशन. अंडी पिकायला दोन दिवस. म्हणून ओव्ह्युलेशननंतर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी मेटिंग. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर ३.१८ ने भागा. हे न बघता १५ हा आकडा वाचून घाईने गाडी काढणारे पुष्कळ.

२८ व्या दिवशी सोनोग्राफी. ५५ नंतर एक्स-रे, पिल्लं मोजायला: किती बाहेर आली आणि किती राहिली, हे वेताच्या रात्री कळलं पाहिजे. पेटी १२० बाय १२० सेंमी, आतून चारी बाजूंना भिंतीपासून १० सेंमीवर आडवी दांडी, नाहीतर पिल्लू आईच्या पाठीमागे चिरडतं. शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा ताप मोजा. ३७.२ च्या खाली उतरला की २४ तासांत वेत.

गाभणपणात कॅल्शियमचं सिरप देण्याची आपल्याकडे हौस आहे. देऊ नका. बाहेरून मिळत राहिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायचं विसरतं, आणि दूध सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झटके येतात. थरथर, ताठ चाल, धाप दिसली की पिल्लं बाजूला करा आणि तडक डॉक्टर, तिथे शिरेतून कॅल्शियम लागतं.

पिल्लं रोज एकाच वेळी ग्रॅमच्या काट्यावर. ८ ते १० दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, ते पचत नाही, श्वासात जातं. आधी पोटाशी धरून ऊब, मग दूध. जंताचं औषध २, ४, ६, ८ आठवड्यांना. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ५ ते ७ आठवड्यांत पडदा तपासून घ्या. नंतर सीईएचा सौम्य दोष रंगाखाली झाकला जातो आणि कुत्रं निरोगी दिसतं.

---

रिंग_नंबर_दोन

वजनाचा सल्ला चुकीचा. ५० सेंमीला १६ किलो व्यवस्थित आहे. स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या ठरवून दिलेल्या वर्णनात, नर ५३ सेंमी, मादी थोडी कमी, लांबी उंचीपेक्षा किंचित जास्त, शेपूट निदान मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत आणि खाली धरलेली. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. दोन-तीन किलो चरबी चढवली की पाठ सपाट दिसते खरी, पण ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) अंग डुलतं, आणि या जातीत परीक्षक चालच बघतो: पाय जमिनीपासून जेमतेम उचलत, सहज, न थकणारी.

काम बंद ठेवायचीही गरज नाही, पण दोन्हीची खूण वेगळी ठेवा. शेतात रुंद पट्टा, शोसाठी बारीक शो-लीड. रिंगमधली आज्ञा 'उभी', 'बस' नव्हे. शेतात थांबणं म्हणजे बसणं, तेच तिने परीक्षकासमोर केलं तर तुम्ही लीड ओढणार, आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्यांसमोर बसायला ती कचरणार.

रिंगमध्ये वाकून चालण्याची भीती खरी आहे. पुढच्या कुत्र्यावर टक लागते, मान खाली जाते, खांदा बाहेर येतो. उपाय: पुढच्या कुत्र्यापासून चार-पाच मीटर अंतर, कोपऱ्यावर तिचं लक्ष तुमच्या हातातल्या उकडलेल्या कलेजीकडे, आणि वेग थोडा वाढवा, हळू चालीत ती शिकारीच्या पावलात शिरते. रोज तीन मिनिटं, बाहेरच्या कुत्र्याच्या मागे चालवून सराव करा. तुमच्याच दुसऱ्या कुत्र्यामागे करून उपयोग नाही, त्याच्यावर ती टक लावत नाही.

तोंड उघडून दाखवायची सवय आत्ताच लावा, ओळखीच्या चार-पाच जणांकडून. दातांची पकड कात्रीसारखी हवी. आंघोळ शोच्या चार दिवस आधी, आदल्या दिवशी केली की केस मऊ पडून अंगाला चिकटतात. तळव्यामधले आणि मागच्या पायाच्या घोट्याखालचे केस कापा, बाकी कात्री नको. उन्हाळ्यासाठी केस भादरायचा विचार मनात असेल तर काढून टाका. आतली लोकर ब्रशने काढली की पुरतं, वरचा थर ऊन अडवतो.

कान अर्धे उभे असतील तर तसेच. चिकटवू नका.

---

वाघर_सिन्नर

शोवर एक पिंक टाकतोच. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प हा कुत्रा १८९३ चा, मेंढपाळ कुत्र्यांची ब्रिटिश संस्था आयएसडीएस १९०६ ची, आणि 'बॉर्डर कॉली' हे नावच १९१५ च्या सुमाराचं. तोपर्यंत या कुत्र्याचं रूप कोणी मोजलं नव्हतं, काम मोजलं होतं. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९७६ मध्ये आणि अमेरिकन केनेल क्लबने १९९५ मध्ये शोची जात म्हणून घेतलं तेव्हा काम करणाऱ्यांनी विरोध केला, तो केसांसाठी नव्हता. ज्या रिंगमध्ये मेंढी नाही, तिथल्या निवडीत टक आधी जाते.

---

रिंग_नंबर_दोन

मान्य, पण नुसतं काम बघून निवडलेल्या ओळींतही सीईए आणि अपस्मार आहेतच, कारण गाजलेल्या एका नराची पिल्लं सगळ्यांना हवी होती. आणि त्याच अमेरिकन स्टँडर्डमध्ये कामात पडलेले व्रण आणि तुटलेले दात माफ आहेत हेही सांगा की. बोकडाने दात पाडला म्हणून झिपरीने रिंग सोडायची नाही.

---

पंजा_आणि_कुसळ

तुमचा मळा हीच मोठी जोखीम आहे, म्हणून यावर जरा जास्त.

द्राक्ष आणि बेदाणा, दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. किती खाल्लं तर चालेल असा सुरक्षित आकडा नाही, एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यात जातं. काही तासांत उलट्या, एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत बंद. पहिल्या दोन तासांत डॉक्टरकडे उलटी करवली तर वाचायची शक्यता चांगली. छाटलेले, टाकलेले घड बांधावर पडू देऊ नका, खाली पडलेले मणी रोज गोळा. कांद्याचंही तसंच: १६ किलोच्या कुत्र्याला पाव किलो कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडायला पुरतो, आणि शिजवून विष जात नाही. चाळीत सडलेला कांदा काढताना तिला बांधा.

एरंडीची पेंड. छाटणीनंतर बुडाशी टाकतात, वासाला खमंग, कुत्री उकरून खातात. त्यातलं रिसिन मारतं. निंबोळी पेंड वापरा, नाहीतर मातीत खोल गाडून वर पाणी द्या आणि आठवडाभर ते शिवार बंद. फवारणीनंतर निदान दुसऱ्या दिवसापर्यंत बागेत नाही, पंजे चाटूनच औषध पोटात जातं.

ओळींमध्ये मेंढ्यांवर सराव करू नका. तिची नजर मेंढीवर, ताणाची तार छातीच्या उंचीवर. पडीक रान त्याचसाठी आहे.

कुसळ. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, काखा, कान, पापण्या. एकदा का डोकं सारखं झटकायला लागली तर थेंब टाकत बसू नका, कुसळ पडद्यापर्यंत गेलेलं असतं, दुर्बिणीने काढावं लागतं.

शेळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलं की निदान आठवडाभर झिपरीला गोठ्यात आणि लेंड्यांपाशी जाऊ देऊ नका. एमडीआर-१ दोष या जातीत कमी आढळतो, पण असेल तर लेंड्यांतलं औषधही मेंदूत चढतं: बाहुल्या मोठ्या, लाळ, तोल जाणं. शेळ्यांना पाजून उरलेलं औषध तिच्या भांड्यातही नको. उलट बाजूने, तिच्यातले पट्टकृमी शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूत गाठी करतात, जनावर गोल गोल फिरतं. कच्ची मुंडी, आतडी घालू नका आणि दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींचं औषध, वजनाप्रमाणे.

आता उन्हाळा. मार्च ते मे काम सकाळी साडेसातच्या आत संपवा. हाताचा पंजा जमिनीवर पाच सेकंद टेकवून बघा, भाजला तर तिचाही भाजणार. संध्याकाळी सहाला हवा गार वाटते, पण काळी जमीन तेव्हाही तापलेली असते. या जातीत 'बॉर्डर कॉली कोलॅप्स' असा एक प्रकार आहे: पाच ते पंधरा मिनिटं जोरात पळाल्यावर मागचे पंजे जमिनीला घासायला लागतात, पाय एकमेकांत अडकतात, नजर हरवते, कधी कुत्रं एका बाजूला झुकून चालतं. अर्ध्या तासात बरीच सावरतात, म्हणून मालक दमली म्हणून सोडून देतात. जोरात काम केल्यावर निरोगी कॉलीचाही ताप ४१ ला टेकू शकतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, चाल बघा. पंजा घासताना दिसला की त्याच क्षणी काम थांबवा, कारण ती स्वतःहून थांबणार नाही. पोट, जांघा, पंजे यांवर पाणी ओता, वारा घाला, ३९.५ ला आली की पाणी बंद. ओला टॉवेल पांघरू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. असं दोनदा झालं तर तिच्याकडून वेत घेऊ नका, हा प्रकार घराण्यात चालतो असं दिसतं.

खाणं: १६ किलोच्या कुत्र्याची बसल्या जागची गरज साधारण ५६० किलोकॅलरी, काम करताना दुपटीच्या आसपास, म्हणजे चांगलं कोरडं खाद्य ३०० ग्रॅम. भाकरी-दुधाने पोट भरतं, स्नायू भरत नाहीत. भाकरी द्यायचीच तर सोबत अंडी किंवा हाडं काढलेलं उकडलेलं चिकन. कामाआधी दोन तास आणि नंतर एक तास काही नाही.

आणि रात्री ती छप्पर असलेल्या बंद जाळीत. दिंडोरी-निफाड पट्ट्यात अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवल्यासारखं.

---

मळ्यातली

सगळ्यांचे आभार. फेब्रुवारीचं मेटिंग रद्द. नराच्या मालकांना आजच फोन केला, ते म्हणाले तपासणीची गरज नाही, नर चॅम्पियन आहे. झिपरीचा डोळा टॉर्च लावून बघितला. डाव्या डोळ्यात तपकिरीमध्ये निळसर पाचर आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. स्वॅब घरी घेता येतो का? आणि माज आला तर मेंढ्यांवरचं काम थांबवायचं का?

---

वेत_आणि_वंश

निळी पाचर म्हणजे मर्लचा पुरावा नव्हे, बिनमर्ल कॉलीतही दिसते. पण तिच्या बापाकडे बघता चाचणी झाल्याशिवाय कुठल्याच मर्ल नराजवळ नेऊ नका.

स्वॅब घरी होतो. तासभर आधी खाणं बंद, तोंडात लेंडी-बिंडी नाही ना ते बघून पाण्याने चूळ भरवल्यासारखं तोंड धुवा, दहा मिनिटं थांबा. ब्रश गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून वीस-तीस सेकंद फिरवत घासायचा. नुसती लाळ नको, पेशी हव्यात. दोन्ही गालांना वेगळे ब्रश. पाकिटात घालण्याआधी तासभर हवेत सुकवा, ओला बंद केला की बुरशी येते आणि नमुना फेटाळला जातो. प्लास्टिक नको, कागदी पाकीट. त्यावर मायक्रोचिपचा नंबर लिहा, म्हणजे रिपोर्ट तिचाच आहे हे नंतर कोणी नाकारणार नाही.

---

वाघर_सिन्नर

माजात रक्त दिसल्यापासून तीन आठवडे वाड्यावर नेऊ नका. धनगराची दोन-तीन नर कुत्री असतात, आणि ती तुमच्या प्रोजेस्टेरॉनच्या रिपोर्टची वाट बघणार नाहीत. तेवढे दिवस घरच्या पाच शेळ्या जाळीत ठेवून बाहेरून फेरे, दोर हातात धरून.